वाटेवरचा कर : आफ्रिकेतील मोबाइल मनीवरील करआकारणी आणि लोकव्यवहार (२००७–२०२५)

प्रस्तावना

करांचा इतिहास लिहिताना आपण सामान्यतः जमीन, व्यापार, मीठ, मद्य आणि उत्पन्न यांवरील करांचा विचार करतो. पैशाच्या केवळ एका हातातून दुसऱ्या हातात जाण्यावर बसविलेल्या कराकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत मात्र आफ्रिकेतील अनेक राष्ट्रांनी असा कर बसविला. युगांडाने २०१८ मध्ये, टांझानियाने २०२१ मध्ये, तर कॅमेरून व घाना या देशांनी २०२२ मध्ये मोबाइल फोनद्वारे होणाऱ्या पैशांच्या हस्तांतरणावर कर लागू केला. यांपैकी युगांडाला चार-पाच महिन्यांत, टांझानियाला दोन महिन्यांत आणि घानाला तीन वर्षांत माघार घ्यावी लागली. इतक्या अल्पावधीत, इतक्या समान रीतीने, परस्परांहून भिन्न राजकीय परंपरा असलेल्या देशांत एकच घटनाक्रम घडावा, ही बाब योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

प्रस्तुत लेखात या घटनाक्रमाचा आढावा घेऊन दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्याचा प्रयत्न केला आहे. पहिला प्रश्न असा की, अशा करामुळे लोकांच्या डिजिटल व्यवहारांत नेमका कोणता बदल झाला? दुसरा प्रश्न असा की, कर भरण्याची ऐपत आणि पैसे हलविण्याची गरज या दोन गोष्टी शासनाने एकच मानल्या, तर त्याचा भार कोणावर पडतो? या विवेचनाच्या ओघात भारतातील काही अनुभवांचाही तुलनात्मक विचार केला आहे.

पूर्वपीठिका : झोपडीपट्टीपासून सिमकार्डापर्यंत

पूर्व आफ्रिकेतील सामान्य माणूस आणि रोख पैसा यांचे नाते करातूनच जुळले, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. ब्रिटिश सत्ता आणि बुगांडाचे राज्य यांच्यात १९०० साली जो करार झाला, त्यानुसार प्रत्येक झोपडीवर वर्षाला ३ रुपये कर बसविण्यात आला. हा रुपया म्हणजे हिंदुस्थानचाच रुपया होय. त्या काळी पूर्व आफ्रिकेच्या ब्रिटिश प्रदेशांत हिंदी रुपयाच चलन म्हणून रूढ होता. शिलिंगचे चलन तेथे १९२०–२१ नंतर आले. ज्या शेतकऱ्याचा व्यवहार केळी, गुरेढोरे आणि श्रम यांच्या देवाणघेवाणीत भागत असे, त्याला हा पट्टीचा रुपया मिळविण्यासाठी कापूस पिकवून विकावा लागला किंवा दुसऱ्याच्या मळ्यावर मजुरी करावी लागली. थोडक्यात, वसाहतवादी कराने लोकांना रोख पैशाच्या व्यवहारात ओढून आणले. पुढे स्वतंत्र युगांडातही श्रेणीबद्ध वैयक्तिक कराच्या रूपाने हा वारसा टिकून राहिला आणि अखेर २००५ मध्ये त्याची वसुली थांबविण्यात आली. घरोघर जाऊन होणारी ही करवसुली ग्रामीण भागात अतिशय अप्रिय होती. ती थांबल्यानंतर अनौपचारिक क्षेत्रातील बहुसंख्य नागरिक आणि शासन यांच्यात प्रत्यक्ष कराचा असा दुवा फारसा उरला नाही.

याच सुमारास दुसरी एक घटना घडली. मार्च २००७ मध्ये केनियात सफारीकॉम या कंपनीने ‘एम-पेसा’ ही सेवा सुरू केली. ‘पेसा’ हा स्वाहिली शब्द आपल्या ‘पैसा’ या शब्दाचाच भाऊ आहे. या सेवेचे स्वरूप अगदी साधे होते. ग्राहकाने कोपऱ्यावरच्या एजंटाकडे रोख रक्कम द्यायची. तेवढी रक्कम त्याच्या सिमकार्डाशी जोडलेल्या खात्यात जमा व्हायची. ती संदेशाद्वारे गावाकडच्या नातेवाइकाला पाठवायची आणि त्याने आपल्या गावातील एजंटाकडून रोख उचलायची. यासाठी बँकेतील खाते, इंटरनेट किंवा महागडा फोन यांपैकी कशाचीही आवश्यकता नव्हती.

मराठी वाचकाला ही व्यवस्था समजून घेण्यासाठी दूर जावे लागणार नाही. मुंबईच्या गिरण्यांत राबणारा चाकरमानी आणि कोकणातील त्याचे घर यांना जोडणारा धागा म्हणजे मनीऑर्डर होती. भारतात टपालखात्याची मनीऑर्डर १८८० मध्ये सुरू झाली आणि तिचे पारंपरिक रूप २०१५ मध्ये बंद झाले. कोकणची अर्थव्यवस्था मनीऑर्डरवर चालते, असे म्हटले जाई. नैरोबी किंवा कंपाला येथील मजुराच्या दृष्टीने मोबाइल मनी ही अशीच मनीऑर्डर होती. फरक एवढाच की ती काही क्षणांत पोहोचत असे.

या सेवेचे सामाजिक महत्त्व अभ्यासकांनी सिद्ध केले आहे. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक यांनी केनियातील कुटुंबांचा दीर्घकाळ अभ्यास करून २०१६ मध्ये असा निष्कर्ष मांडला की, एम-पेसाच्या प्रसारामुळे सुमारे १ लाख ९४ हजार कुटुंबे, म्हणजे केनियातील सुमारे २ टक्के कुटुंबे, दारिद्र्यातून वर आली. याच अभ्यासकांच्या त्याआधीच्या संशोधनात असे आढळले होते की, आजारपण किंवा नापिकीसारखे संकट आल्यावर ही सेवा न वापरणाऱ्या कुटुंबांचा उपभोगखर्च सुमारे ७ टक्क्यांनी घटत असे, तर सेवा वापरणाऱ्या कुटुंबांत तशी घट दिसत नसे. संकटकाळी दूरच्या आप्तांकडून लहानलहान रकमा त्वरित मिळणे, हे त्याचे कारण होते. मोबाइल मनीवरील कराचा विचार करताना ही बाब विसरता येत नाही. कारण ज्या हालचालीवर कर बसविला जातो, ती बहुधा नफ्याची नसून आधाराची असते.

वटणावळीवर कर की रकमेवर कर?

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. पैसे पाठविण्याच्या सेवेवर दोन प्रकारे कर बसविता येतो. सेवा देणारी कंपनी जे शुल्क घेते, त्या शुल्कावर कर लावणे हा पहिला प्रकार होय. पाठविलेल्या संपूर्ण रकमेवर कर लावणे हा दुसरा. आपल्याकडील जुन्या परिभाषेत सांगायचे तर पहिला कर हुंडणावळीवर आहे आणि दुसरा हुंडीच्या रकमेवर.

केनियाने पहिला मार्ग स्वीकारला. तेथे २०१३ पासून हस्तांतरणशुल्कावर १० टक्के अबकारी कर लागू झाला. तो २०१८ मध्ये १२ टक्के व २०२३ मध्ये १५ टक्के करण्यात आला. ही टक्केवारी मोठी वाटली तरी तिचा आधार लहान होता. समजा, १,००० शिलिंग पाठविण्यासाठी कंपनी १० शिलिंग शुल्क घेते. तर १५ टक्क्यांनी कर केवळ दीड शिलिंग होतो. याउलट रकमेवर १ टक्का कर लावल्यास तो १० शिलिंग होतो, म्हणजे सेवेचा खर्च एकदम दुप्पट होतो. ‘१ टक्का’ हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. परंतु पाठविणाऱ्याच्या दृष्टीने तुलना मूळ रकमेशी नसून पाठविण्याच्या खर्चाशी असते.

केनियात करवाढ होत असतानाही एम-पेसाचा विस्तार थांबला नाही. तथापि, केनियातही सहनशीलतेला मर्यादा होती. २०२४ च्या वित्त विधेयकात हा कर २० टक्के करण्याचा प्रस्ताव होता. त्या विधेयकातील अनेक तरतुदींविरुद्ध जून २०२४ मध्ये तरुणांचे जे मोठे आंदोलन झाले, त्यानंतर संपूर्ण विधेयकच मागे घेण्यात आले.

उलट दिशेचा पुरावाही केनियातच सापडतो. कोविड साथीच्या आरंभी, मार्च २०२० मध्ये, १,००० शिलिंगपर्यंतच्या हस्तांतरणावरील शुल्क माफ करण्यात आले आणि ही सवलत त्या वर्षाच्या अखेरपर्यंत चालली. या काळात लहान रकमांच्या व्यवहारांत लक्षणीय वाढ झाली. लहान ग्राहक खर्चाबाबत किती संवेदनशील असतो, हे यावरून दिसून येते.

युगांडा : १ टक्क्याचा धडा

युगांडात मोबाइल मनीची सेवा २००९ मध्ये सुरू झाली. २०१८ पर्यंत तेथील नोंदणीकृत खात्यांची संख्या दोन कोटींच्या पुढे गेली होती. बँकखातेदार मात्र त्या मानाने फार थोडे होते. दुसरीकडे, देशाचे करउत्पन्न राष्ट्रीय उत्पन्नाच्या १२–१३ टक्क्यांच्या आसपास घुटमळत होते. रस्ते, वीज आणि कर्जफेड यांसाठी शासनाला महसुलाची खरीखुरी गरज होती. अनौपचारिक क्षेत्रातील कोट्यवधी लोकांपर्यंत पोहोचणारा आणि ज्याची वसुली कंपनीच्या संगणकातून आपोआप होईल असा करआधार मोबाइल मनीच्या रूपाने दिसू लागला. राज्यकर्त्यांना त्याचा मोह पडणे अस्वाभाविक नव्हते.

१ जुलै २०१८ पासून अंमलात आलेल्या सुधारित अबकारी कायद्यानुसार मोबाइल मनीद्वारे पैसे स्वीकारणे, देयक भरणे आणि रोख काढणे या व्यवहारांच्या रकमेवर १ टक्का कर बसविण्यात आला. कायद्याची रचना अशी होती की एकाच पैशावर एकाहून अधिक वेळा कर पडत असे. मुलाने पाठविलेले १ लाख शिलिंग आईच्या खात्यात आले की त्यावर सुमारे १ हजार शिलिंग कर आणि तेच पैसे तिने रोख काढले की पुन्हा सुमारे तितकाच कर. कंपनीचे शुल्क याहून वेगळे. याच दिवशी समाजमाध्यमांच्या वापरावर दररोज २०० शिलिंग असा दुसरा करही सुरू झाला व त्याचा भरणा मोबाइल मनीद्वारेच करावयाचा होता. दोन करांची ही सांगड लोकांच्या संतापास कारणीभूत ठरली. ११ जुलै रोजी कंपालात संसदसदस्य व गायक रॉबर्ट क्यागुलान्यी, अर्थात बॉबी वाइन, यांच्या नेतृत्वाखाली मोर्चा निघाला आणि पोलिसांनी तो अश्रुधुराच्या साहाय्याने पांगविला.

लोकांची अधिक परिणामकारक प्रतिक्रिया मात्र रस्त्यावर नव्हे, तर एजंटांच्या खिडकीवर उमटली. जुलैच्या पहिल्या दोन आठवड्यांतच मोबाइल मनी व्यवहारांचे मूल्य सुमारे ६७,२०० कोटी युगांडन शिलिंगने घटल्याचे मध्यवर्ती बँकेने संसदीय समितीपुढे सांगितले. ज्यांची बँकखाती होती, ते बँकांच्या एजंटांकडे वळले, कारण बँकेतून रक्कम काढण्यावर हा कर नव्हता. ज्यांचे खाते नव्हते, त्यांनी बसचालक, ओळखीचा प्रवासी, गावाकडे निघालेला शेजारी अशा जुन्या वाटा धरल्या. म्हणजे करातून सुटण्याची उत्तम सोय सधन ग्राहकाला मिळाली आणि ज्याला दुसरा औपचारिक पर्यायच नव्हता, त्याच्यासमोर कर भरणे किंवा रोखीकडे परतणे एवढेच दोन मार्ग राहिले.

राष्ट्राध्यक्ष योवेरी मुसेवेनी यांनी जुलैमध्येच १ टक्का हा दर चुकीने आला असून तो अर्धा टक्का असावयास हवा होता, असे जाहीर केले. वर्षअखेरीपूर्वी कायद्यात दुरुस्ती होऊन कर केवळ रोख काढण्यावर आणि ०.५ टक्के इतका मर्यादित झाला. समाजमाध्यमांवरील दैनंदिन करही जुलै २०२१ पासून रद्द होऊन त्याची जागा इंटरनेट-डेटावरील कराने घेतली.

या घटनेतील ऐतिहासिक विरोधाभास लक्षणीय आहे. १९०० च्या कराने युगांडातील शेतकऱ्याला रोख पैशाकडे ढकलले होते. २०१८ च्या कराने त्याच्या पणतवंडांना रोखीबाहेर पडल्यानंतर पुन्हा रोखीकडे ढकलले.

टांझानिया : श्रेणीबद्ध आकारणी

युगांडाचा अनुभव शेजारी असूनही टांझानियाने १५ जुलै २०२१ पासून पैसे पाठविणे आणि काढणे या दोन्हींवर पट्टी बसविली. तेथे टक्केवारीऐवजी रकमेच्या श्रेणीनुसार १० ते १०,००० टांझानियन शिलिंग असा आकार ठरविण्यात आला. लोकव्यवहारात या पट्टीला ‘तोझो’ असे नाव पडले. या पैशातून ग्रामीण आरोग्यकेंद्रे, शाळांच्या खोल्या व रस्ते बांधले जातील, असे शासनाने सांगितले आणि काही बांधकामे झालीही. कराचा विनियोग जनतेसमोर ठेवण्याचा हा प्रयत्न युगांडाच्या तुलनेत निश्चितच अधिक विचारी होता.

असे असूनही विरोध शमला नाही आणि व्यवहार घटले. राष्ट्राध्यक्ष सामिया सुलुहू हसन यांच्या शासनाने सप्टेंबर २०२१ मध्ये पट्टीत ३० टक्के कपात केली. पुढील वर्षी कमाल मर्यादा ४,००० शिलिंगवर आणण्यात आली. त्याच वेळी बँकव्यवहारांनाही कराच्या कक्षेत आणले गेले आणि नव्या विरोधानंतर त्यातही सवलती द्याव्या लागल्या. २०२३ मध्ये पाठविण्यावरील पट्टी रद्द झाली. रोख काढण्यावरील तेवढी राहिली. युगांडा आणि टांझानिया हे दोन्ही देश वेगवेगळ्या मार्गांनी एकाच ठिकाणी येऊन थांबले, ही बाब महत्त्वाची आहे. डिजिटल स्वरूपात फिरणाऱ्या पैशाला मोकळीक आणि तो रोखीत रूपांतरित करताना आकारणी, असा हा तोडगा होता. तर्कदृष्ट्या तो पूर्वीपेक्षा बरा असला, तरी ज्या गावात दुकानदार मोबाइलवर पैसे स्वीकारत नाही, तेथील गृहिणीला रोख काढल्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून हा भारही अखेर ग्रामीण भागावरच अधिक पडतो.

घाना : अपेक्षा आणि वसुली

घानातील ‘ई-लेव्ही’ हे या इतिहासातील सर्वाधिक गाजलेले प्रकरण होय. १७ नोव्हेंबर २०२१ रोजी अर्थमंत्री केन ओफोरी-अट्टा यांनी अर्थसंकल्प मांडताना इलेक्ट्रॉनिक व्यवहारांवर १.७५ टक्के कर सुचविला. देशातील डिजिटल व्यवहार २०१६ मधील सुमारे ७,८०० कोटी सेडींवरून २०२० मध्ये ५०,००० कोटी सेडींच्या पुढे गेले आहेत, हे त्यामागील मुख्य समर्थन होते. संसदेत सत्ताधारी व विरोधी पक्षांचे प्रत्येकी १३७ सदस्य आणि एक अपक्ष असे बलाबल असल्याने विधेयक रखडले. डिसेंबरमध्ये याच प्रश्नावरून सभागृहात सदस्यांची हातघाई झाली. अखेर २९ मार्च २०२२ रोजी विरोधकांच्या सभात्यागात १.५ टक्के दराने विधेयक संमत झाले आणि १ मे पासून कर सुरू झाला.

न्याय्यतेच्या दृष्टीने हा कायदा युगांडापेक्षा काळजीपूर्वक रचलेला होता. दिवसाला १०० सेडीपर्यंतची हस्तांतरणे आणि स्वतःच्याच खात्यांमधील हस्तांतरणे करमुक्त होती. करखात्याकडे नोंदलेल्या व्यापाऱ्यांना केलेल्या भरण्यालाही सूट होती. तरीही अपेक्षा आणि वसुली यांत प्रचंड अंतर पडले. पहिल्या वर्षी सुमारे ६९० कोटी सेडी मिळतील असा आरंभीचा अंदाज होता; जुलै २०२२ मधील मध्यावधी आढाव्यात तो सुमारे ६१ कोटींवर आणावा लागला. जानेवारी २०२३ पासून दर १ टक्का करण्यात आला.

अंदाज इतका का चुकला? करपूर्व काळातील व्यवहारांची एकूण रक्कम घेऊन तिला कराच्या दराने गुणले की महसूल मिळतो, ही समजूत त्याच्या मुळाशी होती. पण एकूण व्यवहारांत एकच पैसा अनेकदा मोजलेला असतो आणि कर लागताच तो तितक्या वेळा फिरत नाही. लोक चार वेळा पाठविण्याऐवजी एकदा पाठवितात, रक्कम सुटीच्या मर्यादेत विभागतात किंवा सरळ रोख देतात. वाहत्या पाण्याचा वेग मोजून विहिरीतील साठा ठरविण्यासारखीच ही चूक होती.

आकडेवारी येथे सावधपणे वाचली पाहिजे. घानातील मोबाइल मनी व्यवहारांचे मूल्य २०२१ मध्ये सुमारे ९८ हजार कोटी सेडी होते. २०२२ मध्ये ते सुमारे १ लाख ७ हजार कोटी झाले. वरवर पाहता कर असूनही वाढ झाली, असे वाटते. परंतु २०२२ च्या अखेरीस तेथील महागाईचा दर ५४ टक्क्यांवर पोहोचला होता. किमतींतील ही वाढ विचारात घेतली, तर वास्तव मूल्यात घटच झाली. त्या वर्षी घाना गंभीर कर्जसंकटात होता, त्यामुळे संपूर्ण घट कराच्या माथी मारणेही उचित ठरणार नाही. पुढे २०२३ मध्ये हा आकडा सुमारे १ लाख ९० हजार कोटींवर गेला. म्हणजे कर कमी झाल्यावर आणि लोकांना त्याची सवय झाल्यावर व्यवहार सावरले. यावरून असा निष्कर्ष निघतो की अशा करामुळे डिजिटल व्यवहार कायमचे नष्ट होत नाहीत. मात्र त्यांची वाढ अडखळते आणि एकूण बेरीज सावरली तरी मध्यंतरी रोखीकडे गेलेले सर्वच परत आले, असे त्या बेरजेवरून म्हणता येत नाही.

डिसेंबर २०२४ च्या निवडणुकीत हा कर प्रचाराचा विषय झाला. सत्तांतरानंतर नव्या शासनाने मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तो रद्द करण्याची घोषणा केली. संसदेने त्याच महिन्यात त्यास मान्यता दिली आणि एप्रिलच्या आरंभी राष्ट्राध्यक्ष जॉन महामा यांच्या स्वाक्षरीने ई-लेव्ही संपुष्टात आली.

झिंबाब्वे : जेथे पळवाट नव्हती

वरील विवेचनाला झिंबाब्वे हा अपवाद वाटतो. तेथे ऑक्टोबर २०१८ मध्ये अर्थमंत्री मथुली न्क्यूबे यांनी इलेक्ट्रॉनिक हस्तांतरणावर २ टक्के कर बसविला. दर युगांडाच्या दुप्पट असूनही तो टिकला आणि शासनाच्या महसुलाचा महत्त्वाचा स्रोत बनला. याचे कारण लोकांची संमती हे नसून नोटांचा दुष्काळ हे होते. चलनसंकटामुळे बँकांसमोर रांगा लागत होत्या आणि भाजीपाल्यापासून शाळेच्या फीपर्यंतचे व्यवहार मोबाइलवरच करावे लागत होते. रोखीची वाटच बंद असल्याने कर चुकविणे शक्य नव्हते. २०२० नंतर अमेरिकी डॉलरच्या नोटा पुन्हा मोकळेपणाने चालू लागल्या, तेव्हा तेथेही रोख व्यवहारांचे प्रमाण वाढले. म्हणजे हा अपवादही मूळ सूत्राला पुष्टीच देतो : कराचे यश कराच्या गुणावर नव्हे, तर पर्यायाच्या अभावावर अवलंबून होते.

भारतीय अनुभवाशी तुलना

हा प्रश्न आपल्या देशाला नवा नाही. ब्रिटिश राजवटीत धनादेशावर एक आण्याचे मुद्रांक शुल्क आकारले जाई. लोकांना बँकव्यवहाराची सवय लागण्यात हे शुल्क अडथळा ठरते, या विचाराने हिल्टन यंग आयोगाने १९२६ मध्ये ते रद्द करण्याची शिफारस केली आणि १९२७ मध्ये ते रद्द झाले. सुमारे नव्वद वर्षांनी कंपालात जो वाद झाला, त्याचे बीज या निर्णयात दिसते.

पुढे स्वतंत्र भारताने उलट दिशेचा प्रयोग केला. २००५ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी बँकेतून ठरावीक मर्यादेपलीकडे रोख काढण्यावर ०.१ टक्के कर सुचविला. तो १ जून २००५ पासून लागू झाला व बचत खात्यांना त्यातून वगळण्यात आले. महसूल मिळविण्यापेक्षा बेहिशेबी पैशाचा माग काढणे, हा त्यामागील हेतू होता. १ एप्रिल २००९ पासून तो रद्द करण्यात आला. आफ्रिकी राष्ट्रांनी डिजिटल पैशावर कर बसविला, तर भारताने रोखीवर. दोन्हींचा लोकांच्या निवडीवर होणारा परिणाम परस्परविरुद्ध दिशेचा होता, हे येथे लक्षात येते.

यूपीआय ही प्रणाली चालविणाऱ्या राष्ट्रीय देयक महामंडळाचे मुख्यालय मुंबईत आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या प्रणालीबाबत शासनाने १ जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याकडून घेतले जाणारे शुल्कही शून्य केले आणि बँकांचा खर्च अंशतः भरून काढण्यासाठी सरकारी तिजोरीतून प्रोत्साहनरक्कम दिली. २०२२–२३ साठी ही तरतूद २,६०० कोटी रुपयांची होती. म्हणजे आफ्रिकेत जो व्यवहार महसुलाचे साधन मानला गेला, तो भारतात अनुदानास पात्र ठरला. अर्थात, विनामूल्य सेवेचा खर्च अखेर करदाताच सोसतो, हेही विसरता कामा नये.

तथापि, व्यवहारावर कर नसला तरी कराची छाया व्यवहारावर पडू शकते, हे जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात दिसून आले. यूपीआयवरील जमारकमांच्या आधारे तेथील करखात्याने लहान विक्रेत्यांना वस्तू व सेवा कराच्या नोटिसा पाठविताच बंगळूरमधील अनेक दुकानांवर ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ अशा पाट्या झळकल्या. येथे रकमेवर एक पैसाही कर नव्हता. भीती होती ती नोंदीची. युगांडातील ग्राहक खर्चामुळे रोखीकडे वळला, तर बंगळूरचा विक्रेता दृश्यमानतेमुळे. दोघांनी निवडलेली वाट मात्र एकच होती.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, रकमेवरील करामुळे डिजिटल व्यवहार थांबत नाहीत, पण त्यांचे स्वरूप बदलते. ते कमी वेळा होतात, सुटीच्या मर्यादेत विभागले जातात, करमुक्त माध्यमांकडे सरकतात किंवा रोखीत विलीन होतात. दुसरा निष्कर्ष असा की, शुल्कावरील कर आणि रकमेवरील कर यांचे परिणाम मूलतः भिन्न आहेत. केनियातील सातत्य आणि घानातील माघार यांचे अंतर बऱ्याच अंशी या भेदाने स्पष्ट होते. तिसरा निष्कर्ष असा की, कर कितपत टिकतो हे लोकांसमोर रोखीचा पर्याय किती खुला आहे, यावर अवलंबून असते.

यापेक्षाही महत्त्वाची बाब न्यायाची आहे. महाराष्ट्रातील वाचकांना जकातनाक्यांची आठवण अद्याप असेल. माल कोणाचा, नफा किती, याची चौकशी न करता तो नाक्यावरून गेला की आकारणी होत असे. मोबाइल मनीवरील कर ही पैशाची जकात होती. पैसा ज्याच्याजवळ साठलेला आहे, त्याला नाका ओलांडण्याची वारंवार गरज नसते. ज्याच्या हातात तो टिकत नाही, त्यालाच दर आठवड्याला नाक्यावरून जावे लागते. शहरातील मोलकरीण महिन्यातून चार वेळा थोडेथोडे पैसे गावी पाठविते, कारण चौघांचे एकत्र पाठविण्याइतके ते तिच्याजवळ कधी जमतच नाहीत. वारंवारता हे येथे समृद्धीचे नव्हे, तर ओढगस्तीचे लक्षण आहे.

शासनाची महसुलाची गरज खरी होती, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की या करांनी जे सोपे होते ते मोजले आणि जे न्याय्य होते ते मोजावयाचे राहून गेले. संगणकाच्या नोंदींतून पैशाची हालचाल दिसते. माणसाची ऐपत दिसत नाही. ती शोधण्याचे काम उत्पन्न, मालमत्ता व उपभोग यांवरील करव्यवस्थेचे आहे आणि ते कष्टाचे आहे. ते टाळून वाटेवर नाका उभारणाऱ्या राज्यकर्त्यांना कंपाला, दोदोमा आणि आक्रा या तिन्ही राजधान्यांतून अखेर तो नाका मागे घ्यावा किंवा आखूड करावा लागला. डिजिटल व्यवहारांच्या वाढत्या आकड्यांकडे महसुलाच्या आशेने पाहणाऱ्या कोणत्याही शासनासाठी या इतिहासाचे मोल मोठे आहे.